यंत्रनिर्मित ब्लूग्रास आणि विरोधाची लय

यंत्राने रचलेले संगीत माणसाच्या संगीताची बरोबरी करू शकेल काय, हा प्रश्न आता केवळ तर्काचा राहिलेला नाही. २०२३ च्या अखेरीस 'सुनो' आणि २०२४ च्या एप्रिलात 'उडिओ' ही साधने सर्वांस खुली झाली. तेव्हापासून चार शब्दांत मागणी लिहावी आणि थोड्याच वेळात गायन-वादनासह गीत हाती यावे, इतका हा व्यवहार सुलभ झाला आहे. या गीतांविषयीचे मत मात्र बहुधा ऐकण्यापूर्वीच ठरलेले असते. यंत्रास आत्मा नाही म्हणून एक पक्ष त्यांना त्याज्य ठरवितो. श्रोत्यास फरक कळत नाही, एवढ्यावरच दुसरा पक्ष विजय पुकारतो. कलाकृतीत प्रत्यक्ष घडते काय, हे दोघेही पाहत नाहीत. ते पाहणे हे समीक्षेचे काम होय, आणि अमेरिकेतील ब्लूग्रास हा संगीतप्रकार त्यासाठी विशेष सोयीचा आहे.

केंटकी राज्यातील रोझीन गावचा मँडोलिनवादक बिल मनरो (१९११–१९९६) हा या प्रकाराचा जनक. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या संचावरूनच प्रकाराला नाव मिळाले. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा बँजोवादक या संचात आला. गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स, अशा पाच जणांच्या वादनात ब्लूग्रासचे रूप निश्चित झाले. या संचात ड्रम नाही. बास मुख्य मात्रा धरतो आणि मधल्या मात्रांवर मँडोलिनचा तुटक आघात पडतो. त्यावर बँजोचे आठ स्वर तीन, तीन आणि दोन अशा गटांत धावतात. दोनाच्या चालीवर तीनाची चाल चढते आणि त्यातून या संगीताची ओढ निर्माण होते.

वेग, नियमितपणा आणि ठरलेले संकेत यांवर उभे असलेले हे संगीत यंत्रास जवळचे वाटावे, हे स्वाभाविकच आहे. यंत्राने केलेली ब्लूग्रास गीते ऐकावयास वाईट नसतात. बँजोची सफाई, वरच्या पट्टीतील गायन, जोडगायनाची ठेवण, सारे ओळखीचे असते. जाता जाता कानी पडल्यास जाणकारही क्षणभर फसेल. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

येथे आपल्याकडील एक माप उपयोगी पडेल. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचे मूळ लयीत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे मानली. या मापाने पाहिल्यास निर्माता कोण, हा प्रश्न गौण ठरतो. यंत्राला याहून निःपक्षपाती परीक्षक मिळणे कठीण.

संवाद यंत्रास साधतो. पद, मग एखाद्या वाद्याचे एकल वादन, मग पुन्हा पद, हा समतोलही साधतो. विरोधही आकृतीपुरता साधतो. तीनाची आणि दोनाची चाल ते बिनचूक उचलते. परंतु ब्लूग्रासमधील विरोध आकृतीपाशी संपत नाही. रेडिओच्या काळात सारा संच एका मायक्रोफोनभोवती उभा राही. ज्याची पाळी येई तो पुढे सरके आणि इतर मागे हटत. गायकाने स्वर लांबविला की बँजोने ती जागा भरावी, फिडलवादक किंचित पुढे धावला की मँडोलिनच्या आघाताने त्यास आवरावे, असा हा खेळ आहे. यंत्रात मात्र पाच वादक नसतात. ध्वनिमुद्रणांवरून शिकून ते साधारणतः एकच संमिश्र ध्वनिप्रवाह घडविते. त्यातील बँजो मँडोलिनला उत्तर देत नाही; दोन्ही एकाच अनुमानाची अंगे असतात. परिणामी सारे स्वर योग्य जागी पडतात, पण कोणी कोणास अडवीत नाही, कोणी कोणास वाट देत नाही. पहिल्या कडव्यातील ताण शेवटच्या कडव्यात तेवढाच राहतो.

नव्या रूपाचा उगमही याच विरोधात असतो. तीन बोटांनी बँजो वाजविण्याची रीत कॅरोलिनाच्या मुलखात स्क्रग्जपूर्वीही होती; स्नफी जेन्किन्स तसे वाजवीत असे. म्हणजे घटक उपलब्ध होते. तथापि १९४५ पर्यंतची सारी ध्वनिमुद्रणे हाती दिली असती, तरी संभाव्यतेच्या आधारे चालणारे यंत्र जुनीच वाट अधिक सफाईने चालले असते, असे मानावयास जागा आहे. मनरोची वेगाची ओढ आणि स्क्रग्जची बोटे समोरासमोर आली, तेव्हा असंभाव्य ते घडले.

शब्दांच्या बाबतीत मात्र मर्ढेकरांचे मापही अपुरे पडते. डोंगर, जुने घर, आगगाडी आणि आईची आठवण यांची यंत्राच्या गीतांत गर्दी असते. हे संकेत माणसांचेच आहेत. पण मनरोने १९५० मध्ये 'अंकल पेन' हे गीत ध्वनिमुद्रित केले, ते पोरक्या वयात त्याला घरात घेणाऱ्या मामाविषयी होते. पेन व्हँडिव्हर हा मामा फिडल वाजवी आणि भाच्याला साथीस नेई. तेथे संकेतामागे एक ऋण उभे आहे. ते फेडावयाचे कोणाचे, हा प्रश्न यंत्रनिर्मित गीताला विचारताच येत नाही.

म्हणून माणसांनी निर्धास्त राहावे, असे मात्र नव्हे. स्क्रग्जची प्रत्येक लकेर जशीच्या तशी गिरविणारे वादक सर्वत्र आहेत. त्यांची जागा यंत्र सहज घेईल, कारण त्यांनी ती आधीच यंत्रासाठी रिकामी केली आहे. शिवाय ज्यांच्या श्रमावर यंत्र शिकले, त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न आहेच. जून २०२४ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी या दोन्ही साधनांच्या चालकांविरुद्ध अमेरिकेत दावे दाखल केले, ते याच कारणाने. परंतु न्यायालयाचा निर्णय मालकीपुरता असतो. ब्लूग्रास जिवंत राहील की नाही, हे वादक एकमेकांचे ऐकून आपले वादन बदलतात की नाही, यावरच ठरावयाचे आहे.