वळणाआधीचं वळण

खोलीभर मांडलेली छोटी रेल्वे बघायला गेलेले लोक बोगदे बघतात, इंजिनं बघतात. मी सरळ रूळ संपून वळण जिथे सुरू होतं ती दीड-दोन वीत जागा आधी शोधतो. मांडणाऱ्याचा हात तिथे कळतो.

एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, २४ इंच त्रिज्येचं वळण मध्यम मानतात. खऱ्या मापात ते जेमतेम ५३ मीटर भरतं, आणि आपल्या ब्रॉडगेजला १७५ मीटरच्या आतलं वळण चालत नाही. म्हणजे छोट्या रेल्वेचं वळण ही थापच. सरळ रेषेला थेट वर्तुळ चिकटवलं की ती उघडी पडते, कारण लांब डबा हिसका खाऊन वळतो.

अमेरिकेच्या जॉन आर्मस्ट्राँगने १९६३च्या ‘ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअलिस्टिक ऑपरेशन’ या पुस्तकात सांगितलेली युक्ती इतकी साधी, की हसू येतं. वर्तुळ सुमारे अर्धा इंच आत सरकवायचं, म्हणजे रेषेची आणि त्याची गाठच पडत नाही. मग एक लवचिक पट्टी दोघांना टेकवून वाकवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. गणित पट्टीच करते.

त्या रेघेवर रुळाखालचा कॉर्क बसतो. त्याची पट्टी मधोमध तिरकी चिरलेली असते. दोन भाग सुटे करून एक रेघेच्या अलीकडे लावायचा, एक पलीकडे. अखंड पट्टी कुरकुरली असती, अर्धी निमूट वळते. आणि दोन भागांमधला सांधा म्हणजे पुन्हा तीच रेघ! झाकली जाऊनही ती हरवत नाही, रूळ तिच्यावरच मध्य साधून बसतो. या कामातली मला सर्वांत आवडणारी जागा ही.

फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकणारा रूळमार्ग, वाकवला की आतला रूळ पुढे डोकावतो, तो छाटायचा. जाणता माणूस दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करतो आणि मग वाकवतो, म्हणजे सांध्यावर कोपर येत नाही.

खडीचं कौतुक मला कमी. खऱ्या मार्गावर ती सुटी असते म्हणून पाणी निचरतं, हादरे जिरतात. इथे ती पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने थिजवलेली, नुसती शोभेची. म्हणून ती पसरण्याआधी गाल टेबलाला टेकवून, एक डोळा मिटून रूळ न्याहाळावा. कोपर तेव्हाच दिसला तर बरा; नंतर उलथण्याने सगळं उकरत बसावं लागतं.