निम्म्या किमतीचं आभाळ

कलासमीक्षा करायला कलेतलं कळावं लागतं, असा एक समज आहे. मी बी.कॉम.; गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर फाटक्या नोटा उजेडाकडे धरून पाहतो आहे. आज ज्या कलेबद्दल लिहायचं आहे, तिला नेमकी हीच नजर लागते.

म्हाताऱ्या उपग्रहांचे संकेत पकडून चित्रं करायची, अशी ही कला. अमेरिकेचा नोआ-15 हा हवामान-उपग्रह 1998 साली वर गेला तो दोन वर्षांच्या बोलीवर. टिकला सत्तावीस! एक्स्टेन्शन मिळालेले साहेब मी पाहिले आहेत, पण असं एकालाही जमलं नाही. नोआ-18 आणि नोआ-19 हे त्याचे धाकटे भाऊ. तिघेही साडेआठशे किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरून खाली दिसेल ते आवाजात घालून पाठवत; सेकंदाला दोन ओळी, टिक-टॉक, टिक-टॉक. ना पासवर्ड, ना केवायसी. ज्याचं एरियल, त्याचं चित्र. ही पद्धत टायरॉस-8 या उपग्रहापासून, 1963 च्या डिसेंबरात सुरू झाली आणि हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी आपल्या कुलाब्याला जे हवामान केंद्र उघडलं होतं, तिथेही अशी चित्रं उतरवत. म्हणजे प्रकार तसा आपल्या ओळखीचा.

सोफी डायर आणि साशा एंगेलमन यांच्या 'ओपन वेदर' या उपक्रमाने त्याची कला केली. 31 ऑक्टोबर 2021 ला, ग्लासगोची हवामान परिषद सुरू झाली त्या दिवशी, ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी उतरवलेली चित्रं जोडून त्यांनी पृथ्वीची एक गोधडी शिवली. गोधडी झकास आहे. कारण ठिगळं लपवलेली नाहीत. एरवी पृथ्वीचे गुळगुळीत फोटो पाहताना आपण त्यावर राहतो, आणि तेही मालाडात, यावर विश्वास बसत नाही.

आमच्या शेजारच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात गच्चीवर असंच एक चित्र पकडलं. सामग्री काय, तर टीव्हीसाठी निघालेला एक डाँगल आणि अर्ध्या मीटरच्या दोन दांड्या. मी खालून विचारायचं, "आलं का?" वरून "आलं! ...गेलं!" लहानपणी दूरदर्शनसाठी हेच संवाद म्हटल्यामुळे मला तालमीची गरज पडली नाही. चित्रात गुजरात स्वच्छ, अरबी समुद्रावर ढगांचा पिंजलेला कापूस, आणि गोव्याच्या खाली नुसती भुरभुर. दक्षिणेला नवा टॉवर उभा राहिला आहे ना! बिल्डरने आमचा सूर्यप्रकाश खाल्ला होता हे ठाऊक होतं; केरळही खाल्लं, हे त्या दिवशी कळलं. हवामान खात्याच्या दृष्टीने ही भुरभुर म्हणजे दोष. मला तीच चित्राची सही वाटते.

माझी तक्रार आहे ती या कलेतल्या रडूबाईपणाविरुद्ध. 1965 सालचा एलईएस-1 हा उपग्रह 1967 पासून गप्प होता. चाळीसहून अधिक वर्षांनी त्याचा कण्हल्यासारखा आवाज पुन्हा ऐकू आला. लगेच भूत, आत्मा, विश्वाचा विलाप! अहो, बॅटरी मेली आहे. गिरक्या घेताना पॅनेलवर ऊन पडलं की बोलतो, सावली आली की आवाज बसतो. मॅनेजर समोर असला की काम करणारे आमच्याकडेही आहेत, त्यांना कुणी आत्मा म्हणत नाही. यंत्राची खरी हकिगत भुताच्या गोष्टीपेक्षा सरस असताना कलावंताने अगरबत्ती का लावावी?

2025 साली तिघेही गेले: नोआ-18 जूनच्या 6 तारखेला, नोआ-19 ऑगस्टच्या 13 ला आणि थोरला 19 ला. रशियाचे मिटिऑर उपग्रह त्याच पट्टीत चित्रं पाठवतात, पण डिजिटल. येईल तिथे लख्ख, नाही तिथे काळी पट्टी. नोटांच्या नियमात पन्नास रुपयांच्या किंवा त्यावरच्या फाटक्या नोटेला, चाळीस ते ऐंशी टक्के तुकडा शिल्लक असला, तर निम्मे पैसे मिळतात. नोआच्या चित्रांचं तसं होतं. निम्मं आभाळसुद्धा वटायचं. चिरंजीव आता मिटिऑरच्या मागे आहेत. चित्र सुरेख आलं होतं परवा. गोव्यापर्यंत.