टेकडीचा आलेख आणि विद्यार्थ्यांचा ताण

महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत हल्ली 'ताण व्यवस्थापन' या विषयावर शिबिरे भरतात. अशाच एका शिबिरात आम्ही मध्यंतरी श्रोते म्हणून बसलो होतो. वक्त्यांनी पडद्यावर टेकडीच्या आकाराचा एक आलेख दाखवला. आडव्या अक्षावर लिहिले होते 'ताण', उभ्या अक्षावर 'कामगिरी'. ताण अगदी कमी असला की विद्यार्थी आळसावतो, फार झाला की कोलमडतो आणि मधोमध, टेकडीच्या माथ्यावर, तो उत्तम काम करतो; तेव्हा थोडा ताण हवाच, असे त्यांनी सांगितले. जोडीला तंबोऱ्याच्या तारेचा दाखला होताच. प्राध्यापकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मी या टेकडीवर कुठे आहे, हे मला कसं कळणार?" प्रश्न हसण्यावारी गेला. आम्हाला मात्र त्या दुपारचा तोच खरा वैज्ञानिक प्रश्न वाटला.

अक्षांवर एकके न लिहिलेला आलेख प्रयोगवहीत आला, तर आपण ती वही परत करतो. या आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकके नाहीत. ताण कशात मोजला? कामगिरी कोणती? याचा उलगडा करायचा तर आलेखाच्या मुळाशी जायला हवे.

हा आलेख 'यर्कीस-डॉडसन नियम' या नावाने ओळखला जातो. रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन यांनी हार्वर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग १९०८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगात विद्यार्थी नव्हते, उंदीर होते. स्वतःभोवती गिरक्या घेणारी ही 'नाचऱ्या' उंदरांची एक जात. उंदरासमोर दोन वाटा असत, एक पांढरी व एक काळी. काळीत शिरला की विजेचा झटका. पांढरीच वाट निवडण्याची सवय लागायला किती फेऱ्या लागतात, ते मोजले गेले. झटक्याचा जोर बदलला, तसेच प्रकाश कमीजास्त करून काळे-पांढरे ओळखण्याचे काम सोपे किंवा अवघड केले.

निष्कर्ष असे होते. काम सोपे असताना झटका जितका जोराचा, तितके शिकणे जलद. म्हणजे येथे टेकडीचा उतार नाहीच. काम अवघड झाले, तेव्हा मात्र मध्यम झटका जोराच्या झटक्यापेक्षा उपयोगी ठरला. आणि काम जितके अवघड, तितका उपयोगी ठरणारा झटका सौम्य होत गेला. प्रत्येक गटात उंदीर होते मोजकेच.

यात 'ताण' कोठे आहे? यर्कीस आणि डॉडसन यांनी तो मोजलाच नव्हता. ताणाच्या जैविक संकल्पनेचा पाया घालणारे हान्स सेल्ये यांचे टिपण आले ते १९३६ साली. डोनाल्ड हेब यांनी १९५५ मध्ये मेंदूची उत्तेजना आणि वर्तन यांचा संबंध उलट्या 'यू'च्या आकाराने दाखवला. पुढे झटक्याच्या जागी उत्तेजना, उत्तेजनेच्या जागी ताण आणि सवयीच्या जागी कामगिरी, अशी शब्दांची अदलाबदल होत गेली. आलेखाचा आकार तेवढा टिकला. अक्ष मात्र बदलले.

हा आकार सर्वस्वी खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. ताणाशी संबंधित संप्रेरके आणि स्मृती यांच्या बाबतीत प्राण्यांवरील काही प्रयोगांत असा संबंध दिसलेला आहे. आव्हान नसेल तर अभ्यासाला चव नाही, हा तर आपल्या सर्वांचाच अनुभव. आक्षेप आहे तो या आकाराला सर्व विद्यार्थ्यांना लागू पडणारा नियम म्हणण्याला. त्यातली मेख अशी की हा नियम कधीच चुकत नाही. विद्यार्थी उत्तीर्ण झाला, तर ताण योग्य होता. नापास झाला, तर जास्त होता किंवा कमी होता. निकालानंतर सर्व काही समजावणारा आणि निकालाआधी काहीच न सांगणारा नियम विज्ञानात फारशा कामाचा नसतो. त्या विद्यार्थिनीला उत्तर मिळाले नाही, ते यामुळेच.

दुसरी उणीव उभ्या अक्षाची. त्यावर केवळ कामगिरी आहे. ती करणारा कसा आहे, हे कोठेच नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करण्यात आली. एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातील जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे ४० टक्के अधिक काळ लागला. सुटीतल्याइतक्या वेगाने एकाचीही जखम भरली नाही. विद्यार्थी थोडे होते, हे खरे; पण प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केलेली होती. अशी गोष्ट गुणपत्रिकेत दिसत नाही. गुण टिकले म्हणजे विद्यार्थी सुखरूप आहे, असा अर्थ म्हणूनच काढता येत नाही.

हा वाद केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. अशा मृत्यूमागे एकच कारण शोधणे चुकीचे आहे, आणि सारा दोष अभ्यासाच्या ताणावर टाकणेही. परंतु 'थोडा ताण हवाच' हे वाक्य शास्त्राच्या नावाने सांगितले जाते, तेव्हा त्रासलेला विद्यार्थी मदत मागण्याऐवजी 'आपणच कमी पडतो' असे समजून गप्प बसण्याची भीती असते. आणि संस्थेला वेळापत्रक, परीक्षापद्धती, मार्गदर्शकाचे वागणे यांकडे पाहण्याची गरज उरत नाही. तंबोऱ्याची तार स्वतः खुंटी पिळत नाही. ती पिळणारा कान देऊन ऐकत असतो. दाखला द्यायचाच, तर पुरता द्यावा.

मग विचारायचे काय? रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामगारांच्या अभ्यासातून दाखवले, की कामाचा भार जास्त आणि त्यावर स्वतःचा अधिकार कमी, ही जोडी मनाला विशेष घातक असते. हे संशोधन विद्यार्थ्यांवरचे नाही, परंतु त्यातून निघणारा प्रश्न आपल्या कामाचा आहे. ताण किती, याबरोबरच विद्यार्थ्याच्या हातात काय आहे, हे पाहावे. प्रकल्पाचा विषय तो निवडू शकतो का? चूक सुधारायला दुसरी संधी आहे का? अडचण सांगितली तर अपमान होईल, अशी धास्ती त्याला आहे का? यांची उत्तरे वर्गात, प्रयोगशाळेत मिळू शकतात, आणि बदल करणेही बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. आपल्या संस्थेत तो आहे का, हे शिक्षकांनी जरूर विचारावे. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक वर्गाबाहेरच्या फलकावर लिहून ठेवावा.

आणि तो टेकडीचा आलेख? तो वर्गात अवश्य दाखवावा. मात्र शेजारी १९०८ चा प्रयोगही सांगावा. अक्षांवर काय आहे, ते कोणी, कोणावर, कसे मोजले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. शोधता शोधता एक गोष्ट त्यांच्या, आणि आपल्याही, ध्यानात येईल. मूळ प्रयोगातील ज्या भागाकडे सहसा दुर्लक्ष होते, तो असा, की काम अवघड असेल तर झटका सौम्य हवा. उंदरांवरून माणसांचा नियम काढायचा नाही, हे आम्ही वर म्हटलेच आहे. पण ज्यांना या आलेखाचा आधार घेतल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी निदान तो पुरता वाचावा. विद्यापीठात शिकायचे विषय सोपे नसतात.