रेमो फर्नांडिस : संकर आणि संबोधन

रॉकगायक ते ‘फ्यूजन’चा प्रवर्तक असा रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांच्या कारकिर्दीचा आलेख सामान्यतः मांडला जातो. मुंबईतील वास्तुकलेचे शिक्षण, सत्तरच्या दशकाच्या अखेरची युरोपभ्रमंती आणि शिवोलीच्या घरी परतणे हा क्रम या मांडणीस पूरक ठरतो. मात्र गोमंतकीय गीतपरंपरेपासून तोडून पाहिल्यास तो दिशाभूल करतो. एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या मांडोत कोंकणी शब्द, पाश्चात्त्य स्वरसंहती आणि घुमट आधीच एकत्र नांदत होते. संकर हा रेमोंचा शोध नव्हे; तो त्यांना लाभलेला वारसा होय.

‘गोवन क्रेझी’ (१९८४) या घरीच ध्वनिमुद्रित केलेल्या संग्रहातील इंग्रजी गीते गोव्याचीच थट्टा करतात, तर ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये (१९८५) पारंपरिक गीते येतात. हे दोन्ही संग्रह एकत्र विचारात घेतले असता इंग्रजी ती परकी आणि कोंकणी ती देशी, ही देशीवादी विभागणी टिकत नाही.

‘जलवा’ (१९८७) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतील हिंदी गीतांनी रेमो देशभर पोहोचले. परंतु तेथे उरला तो प्रामुख्याने आवाजाचा पोत; आपल्या गावाला उद्देशून बोलणारा उपहास गळून पडला. म्हणूनच संकराचे मूल्यमापन त्यात किती परंपरा मिसळल्या यावरून नव्हे, तर तो कोणाशी बोलतो यावरून करणे आवश्यक ठरते.