शुक्रवार, सकाळी पावणेनऊ

मागच्या रामनवमीला दर्यापूरला घरी होते. आजीला ‘गीतरामायण’ ऐकायचं होतं, म्हणून फोनवर लावून दिलं. पहिलं गाणं संपलं आणि तीन सेकंदांत दुसरं सुरू. ते संपून तिसरं लागायच्या आत आजी म्हणाली, “पुरे वं पोरी. बाकीचं उद्या आयकू.”

मी पुण्यात ज्या कंपनीत कोड लिहिते, तिथं हे ‘तीन सेकंदांत पुढचं’ माझ्याच टीमकडे आहे. ऐकणारा मध्येच थांबला की आमच्याकडे तो तोटा धरतात. त्यामुळे आजीचं वाक्य जरा लागलं.

मग जाणवलं की आजीचंच बरोबर आहे. ‘गीतरामायण’ एका बैठकीत ऐकायला लिहिलेलंच नाही. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. आकाशवाणी पुणे केंद्रावर सकाळी पावणेनऊला पहिलं गाणं लागलं. कल्पना केंद्राच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. शुक्रवारी नवं गाणं, शनिवारी-रविवारी सकाळी तेच पुन्हा. पुढचं ऐकायला आठवडा थांबा. त्या वर्षी अधिक भाद्रपद होता, म्हणून रामनवमी ते रामनवमी बावन्न आठवड्यांत बसेना. १९ एप्रिल १९५६ ला संपलं तेव्हा गाणी झाली छप्पन्न. म्हणजे काव्याची लांबी वाल्मीकींनी नाही, पंचांगानं ठरवली!

या वेळापत्रकाच्या खुणा थेट शब्दांत आहेत. रेडिओवर चेहरा दिसत नाही, आणि मागचा शुक्रवार कुणाचा तरी हुकलेला असणारच. म्हणून बरीच गाणी पहिल्याच ओळीत कुणाला तरी हाक मारतात: लक्ष्मणाला, सुमंताला, भरताला, राघवाला. कोण बोलतंय, कुणाशी, काय घडलंय, हे दहा-पंधरा सेकंदांत कळतं. मागचं काही माहीत नसलं तरी चालतं. आम्ही ज्याला ‘स्वतंत्र मॉड्यूल’ म्हणतो ते हेच, फक्त इथं त्याला रडूही येतं.

पण सलग छप्पन्न ऐकली की याच गुणाचा दोष होतो. प्रत्येक गाणं नव्यानं हाक मारतं, नव्यानं शिखर गाठतं. युद्धाच्या भागाशी येईपर्यंत मी थकले होते. त्यात आपल्याकडे जी पोचली ती नंतर फडक्यांनी एकट्यानं गाऊन ध्वनिमुद्रित केलेली. त्यांच्या गळ्याबद्दल मी काय बोलणार! तरी सीताही तेच, राम तेच, भरतही तेच. रेडिओवर माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे निरनिराळे गळे होते. ते संवादांचं रामायण होतं. आपण ऐकतो ते कीर्तन. कीर्तनही थोर असतं, पण चीज वेगळी.

अशीच गोष्ट इंग्लंडात आधी घडली होती. डोरोथी सेयर्स यांनी बीबीसीसाठी येशूच्या आयुष्यावर बारा श्राव्यनाटकं लिहिली. डिसेंबर १९४१ पासून ती साधारण चार-चार आठवड्यांनी लागत. देवाला नटाचा आवाज द्यायचा म्हणजे काय, असा गदारोळ झाला, तो पार्लमेंटापर्यंत गेला. आपल्याकडे रामाला आवाज द्यायला कुणी हरकत घेतली नसती. रामलीला आणि दशावतार गावोगावचे. गंमत निराळीच होती. १९५२ पासून मंत्री बा. वि. केसकर सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार करत होते, लोक सिलोन लावत होते, आणि त्याच आकाशवाणीला घराघरांत नेणारं काम केलं ते माडगूळकर आणि फडके या दोन सिनेमावाल्यांनी.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट शेवटाला आहे. पहिल्या गाण्यात लव-कुश रामासमोर गायला उभे आहेत. छप्पन्नाव्यात वाल्मीकी त्यांना सांगतात, जा, रामापुढे गा. म्हणजे शेवटचं गाणं पहिल्याच्या आधी घडतं. ५५ आठवडे वाट पाहून ऐकणारा जिथून निघाला तिथंच येतो. १९५६ च्या रामनवमीला हे ज्यांना उमगलं असेल त्यांचा हेवा वाटतो.

आजी आता रोज एकच ऐकते. शेजारची मुलगी फोन लावून देते, संपलं की बंद करते. परवा तिचं छप्पन्नावं झालं. बंद करायला कुणी नव्हतं. आमच्या ॲपनं पहिलं गाणं लावलं नाही, तीन सेकंदांत भलत्याच कुणाचं तरी भजन लावलं.