जेडचे प्राणी आणि मंगलाची कल्पना

चीनमधील जेडच्या प्राचीन प्राणिमूर्तींचे कौतुक जगभरच्या संग्रहालयांत होते. त्यांच्यामागील शुभसंकेतांचा विचार मात्र बौद्ध अभ्यासकाने धम्माच्या कसोटीवर केला पाहिजे.

हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा कीटक ठेवीत. जमिनीतून वर येणारा हा कीटक नवजीवनाची खूण मानला जाई. पुढे मिंग व छिंग काळांत शब्दसाम्याला महत्त्व आले. वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्ही चिनी शब्दांचा उच्चार 'फू'. म्हणून वटवाघूळ शुभ. मासा आणि विपुलता या दोहोंचा उच्चार 'यू'. म्हणून मासाही शुभ. सिंहाचे उदाहरण अधिक बोलके आहे. सिंह हा चीनचा प्राणी नव्हे. तेथील कलेत तो रुजला तो बऱ्याच अंशी बौद्ध परंपरेमुळे. पालि साहित्यात 'सीहनाद' म्हणजे निर्भयपणे केलेले सत्यकथन. परंतु सिंह आणि गुरू हे चिनी शब्द समोच्चारी असल्याने थोरल्या-धाकट्या सिंहांची जोडी दरबारातील उच्च गुरुपदांच्या अभिलाषेचे चिन्ह ठरली. प्रतिमा टिकली, आशय हरवला.

ब्रह्मजालसुत्तात तथागतांनी ज्या हीन विद्या त्याज्य ठरविल्या, त्यांत मणिलक्खण, हत्थिलक्खण, कच्छपलक्खण, मिगलक्खण यांची गणना आहे. रत्न व प्राणी यांवरून शुभाशुभ सांगणे श्रमणाला न शोभणारे आहे, हा त्याचा अर्थ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही दैवी चमत्कारांवरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे. आज आपल्याकडील बाजारात कासव आणि हत्ती 'शुभ' म्हणून विकले जातात, आणि काही उपासकांच्या घरी ते बुद्धमूर्तीशेजारी दिसतात. हा प्रश्न केवळ चीनचा नाही.

म्हणून ही कला त्याज्य ठरते काय? तसे मुळीच नाही. जेड लोखंडी छिन्नीने कोरता येत नाही. त्याहून कठीण वाळू आणि पाणी लावून, फिरत्या हत्याराने ते कणाकणाने झिजवावे लागते. उत्तम जेड खोतानच्या नद्यांतून येई. त्याच खोतानच्या परिसरात १८९२ मध्ये भूर्जपत्रावरील गांधारी धम्मपद हाती आले. मंगलसुत्तात तथागतांनी शकुनांऐवजी सदाचरणाला मंगल म्हटले, आणि त्या मंगलांत बहुश्रुततेबरोबर 'सिप्प', म्हणजे हस्तकौशल्य, यालाही स्थान दिले. ज्या कारागिरांची नावे बहुधा इतिहासाने नोंदविली नाहीत, त्यांच्या श्रमात व कौशल्यात या मूर्तींचे मंगल आहे. या दृष्टीने पाहिल्यास उपासकाला त्यांचा आनंद निःशंकपणे घेता येईल.