स्वदेशी सर्व्हर आणि किल्लीचा प्रश्न

आमच्या पवनारच्या एका बचत गटाचा हिशेब मी बघते. बायकांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती, कुणी किती कर्ज घेतले, कुणाचे हप्ते थकले, हे सगळे एका फुकटच्या ऑनलाइन तक्त्यात होते. एका बैठकीत कुणाच्या तरी सुनेने तो फोनवर उघडला आणि एका बाईचे थकलेले तीन हप्ते सगळ्यांसमोर वाचून दाखवले. लिंक कुणालाही उघडेल अशी ठेवलेली होती, आणि ती तशी मीच ठेवली होती. ती बाई पुढच्या दोन बैठकांना आली नाही.

त्यानंतर मला जो तो एकच सल्ला देऊ लागला: “झोहोवर जा, स्वदेशी आहे.” दिवस २०२५ च्या ऑक्टोबरचे होते. केंद्रीय मंत्री आपले ईमेल आणि कागदपत्रे झोहोवर नेल्याचे जाहीर करत होते, केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेलही त्याच कंपनीच्या व्यवस्थेवर गेल्याच्या बातम्या होत्या. त्या महिन्यात या विषयावर मराठीत जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे मी वाचले. जवळजवळ सगळीकडे युक्तिवाद एकच: सर्व्हर भारतात, म्हणून माहिती सुरक्षित.

हा युक्तिवाद वर्धा जिल्ह्यात बसून वाचताना विचित्र वाटतो. स्वदेशीचा अर्थ इथे फार बारकाईने कातला गेला आहे. कापड भारतीय गिरणीचे असले म्हणून ते खादी होत नाही, हे गांधींनी पुन्हा पुन्हा सांगितले. गिरणी मुंबईची की मँचेस्टरची, हा पहिला प्रश्न झाला. दुसरा प्रश्न असा, की चाक कुणाच्या हातात आहे? पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला, तेव्हा रहाट बैलांऐवजी आश्रमातल्या माणसांनीच ओढला. पैशाने विकत घेतलेल्या सोयीची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी रूपात मोजावी लागते, हे तिथे अंगमेहनतीने तपासले जात होते. फुकट ईमेलच्या काळात त्या प्रयोगाकडे विक्षिप्तपणा म्हणून बघणे मला जमत नाही.

झोहोबद्दल न्यायाने बोलायचे तर कंपनी जुनी आहे, १९९६ सालची, आणि आपण जाहिरातींच्या धंद्यात नाही असे ती सांगत आली आहे. हा फरक खराच आहे. गूगल २०१७ पर्यंत जीमेलच्या फुकट खात्यातला मजकूर जाहिरातींसाठी चाळत असे. पण झोहोच्या साध्या खात्यातही पत्र कुलूपबंद असते ते कंपनीच्या कुलपात, आणि किल्ली कंपनीजवळ. म्हणजे गिरणी आपल्या देशातली, मालकही भला, तरी गिरणीच. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ सरकारला ती किल्ली मागण्याचा अधिकार देते. पत्र उघडण्याचा अधिकार सरकारने १८९८ च्या टपाल कायद्यात ठेवला होता, २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही तो आहेच. इंग्रज गेले, लिफाफा उघडणारा हात राहिला. ‘सर्व्हर भारतात’ म्हणून निश्चिंत होणाऱ्या लेखांत ही कलमे येत नाहीत, हा मला त्यांचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

दुसऱ्या टोकाला प्रोटॉनचे भक्त आहेत. स्वित्झर्लंडची ही सेवा पत्राची किल्ली वापरणाऱ्याकडे ठेवते. त्यामुळे साठवलेल्या पत्रातला मजकूर कंपनीलाच वाचता येत नाही. पण पत्राचा विषय त्या कुलपात येत नाही, आणि तुम्ही जीमेलवाल्या भाचीला साधे पत्र पाठवलेत तर तिची प्रत गूगलकडेच पडून राहते. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला. आपल्याकडे कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही सेवाच बंद करण्याची कारवाई सुरू करण्याचा आदेश सरकारला दिला. उद्या खरोखर दार बंद झाले तर आतली पत्रे कशी काढायची, याचा विचार आधी करून ठेवलेला बरा. (‘तुमची गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ या वाक्याने सुरू होणारी पाने मात्र मी आता वाचत नाही. मराठीत अनुवादित झाल्यावर ती लग्नपत्रिकेतल्या आग्रहाच्या निमंत्रणासारखी वाटतात.)

एका ज्येष्ठ सर्वोदयी काकांनी मात्र मला गप्प केले. म्हणाले, “बापूंना गुप्तता मान्यच नव्हती. दांडीला निघण्याआधी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून सगळं कळवलं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?” उत्तर सुचायला मला आठवडा लागला. गांधींनी स्वतःचे उघड केले. शेजारणीचे कर्ज उघड करण्याचा हक्क त्यांनी कधी मागितला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तेव्हा हा हक्क त्या थकलेल्या हप्तेवालीलाही मिळाला. तो मोडणारी कुठली परदेशी कंपनी नव्हती. मी होते.

म्हणून निवड करताना आम्ही देश शेवटी विचारला. आधी विचारले, हा तक्ता ऑनलाइन हवाच कशाला? महिन्यातून एकदा भरायचा, एकीनेच भरायचा. तो आता लिब्रेऑफिसमध्ये आहे, गटाच्या जुन्या लॅपटॉपवर, पासवर्ड घालून. आधार क्रमांकांचा रकाना काढूनच टाकला, कारण तो कधी कुणी वापरलाच नव्हता. बँकेशी पत्रव्यवहारासाठी एक पैसे भरून घेतलेले ईमेल खाते आहे. त्याचा वार्षिक खर्च बैठकीत मांडला तेव्हा दोघी म्हणाल्या, फुकट मिळत असताना कशाला. त्यावर एक तासभर भांडण झाले, आणि हप्ते थकलेली ती बाई त्यात पैसे भरण्याच्या बाजूने बोलली.

लॅपटॉप बिघडला तर काय, हे अजून ठरलेले नाही. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर काढायची आहे, पण तो कुणाच्या घरी ठेवायचा यावर एकमत होत नाही.